ती म्हणाली, ने

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट जमलं नाही आणि जोडाक्षर आलं की हात अडतो. ही पानं कुणाच्या हाती लागलीच तर त्याने शुद्धलेखनाकडे बघू नये, एवढी विनंती. मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. नवरात्रात अंबडला देवीच्या पायऱ्यांवर बायका आपापले अनुभव सांगत बसतात, तेव्हा मी मागे बसून ऐकते आणि नजरा माझ्याकडे वळल्या की पाणी आणायच्या निमित्ताने उठते. पण जे घडलं ते कुठेतरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून कागदाला सांगते आहे. त्या दिवसांत माझा देवीवरचा विश्वास हलला होता. तिथूनच सुरुवात करायला हवी.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात. मोसंबीची बाग आहे, थोडा ऊस. मला एकच लेक, मनू. लग्न झाल्यावर ती जावयांबरोबर कोरिया देशात गेली. जावई तिकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. मनूला दिवस गेले तेव्हा ठरलं होतं की सातवा लागायच्या आत ती माहेरी येईल आणि पहिलं बाळंतपण आपल्या घरी होईल. मी बाज आवळून ठेवली होती, डिंक आणि खारीक आणून ठेवली होती. तिची निघायची तयारी चाललेली असतानाच एका दुपारी जावयांचा फोन आला. अचानक त्रास झाला, ऑपरेशन करावं लागलं, मुलगी झाली, पण फार लवकर झाली, तिला काचेच्या पेटीत ठेवलं आहे. एवढं सांगून ते म्हणाले, "मामी, तुम्ही या. मनू बोलतच नाही."

पासपोर्ट मनूच्या हट्टापायी आधीच काढलेला होता. व्हिसाच्या कागदांत मात्र दिवस गेले. एवढ्या लांब मी कधी एकटी गेले नव्हते. मनूचे वडील, आमचे मालक, म्हणाले, "जा तू. मोसंबी काय पळून जात न्हाई. भाकरी थापता येत्या मला." निघायच्या आदल्या दिवशी मी अंबडला जाऊन मत्स्योदरी देवीची ओटी भरली. घरी आले तर मोठ्या जाऊबाई ओट्यावर बसलेल्या होत्या.

"भरली का ओटी?" त्यांनी विचारलं.

"भरली, बाई."

"काय उपेग तिचा. देवी आपली शिवंच्या आतली. तू इमानात बसली की ती खालीच राह्यती."

"असं कसं म्हणता, बाई?"

"मंग काय तर. तिला कुठं पासपोट हाय?"

शेजारच्या बाया हसल्या. मीही हसले. जाऊबाईंच्या मनात वाईट नव्हतं, त्यांनीच रात्री माझ्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. पण ते बोलणं माझ्या मनात रुतून बसलं. आमच्याकडे लहान लेकरू घेऊन गावाची शीव ओलांडायची असली तरी शिवेवर लिंबू ठेवतात, पलीकडच्या देवाला हात जोडतात. मी तर समुद्र ओलांडून चालले होते आणि पलीकडे कोणाला हात जोडायचे तेही मला ठाऊक नव्हतं. विमानात खिडकीतून नुसते ढग दिसत होते. मला एकच वाटत राहिलं की देवी मागे राहिली.

मनू घरी आली होती. बाळ दवाखान्यातच होतं. दार उघडून मी आत गेले तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून निजली होती. मला बघून उठली, गळ्यात पडली, पण रडली नाही. डोळे कोरडे होते. पुन्हा जाऊन तशीच निजली. जावयांनी स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की पहिल्या दिवशी तिने काचेच्या पेटीतल्या बाळाच्या अंगाला लावलेल्या नळ्या बघितल्या, आणि तेव्हापासून ती दवाखान्यात गेलीच नाही. तिकडे फक्त आईबापालाच आत सोडतात, तेही ठरलेल्या वेळी. मला, आजीला, सोडणार नव्हते. जावई कामावरून सुटून एकटेच जायचे. नर्स रोज विचारायची, आई कधी येणार, आईचं दूध आणा. मनू दूध काढायची तेही आता आटत चाललं होतं. "बाळाला आई पाहिजे आहे, मामी," ते म्हणाले. मोठा माणूस, पण ओट्याला धरून उभा होता.

मी माझ्या परीने सगळं केलं. अळीव शिजवले, शेपूची भाजी शोधत फिरले आणि भलतीच भाजी घेऊन आले, डिंकाचे लाडू वळले. ताट घेऊन तिच्या उशाशी बसायचे. खा ना गं, एवढा घास खा, बाळासाठी खा, असं करू नये, सटवीने जे लिहिलं ते कुणाला चुकलं का, आमच्या वेळी काय दवाखाने होते. मी इकडे लोकांत तोंड उघडत नाही, पण तिच्यापाशी माझं बोलणं थांबत नव्हतं. गप्प बसले की भीती वाटायची. ती ऐकून घ्यायची, कधी दोन घास खायची, कधी तोंड फिरवायची. फोनवर बाळाचा फोटो दाखवला की डोळे मिटून घ्यायची. मी रोज सकाळी अंघोळ करून खिडकीशी उभी राहून देवीला हाक मारायची, आणि हाक मारताना मलाच वाटायचं की ही पोचणार नाही.

एका सकाळी जावई कामावर गेल्यावर मी पुन्हा लाडू घेऊन बसले. काहीतरी बोलत होते. मनू भिंतीकडेच बघत म्हणाली, "आई, तू थोडा वेळ इथून जाती का?"

ती चिडून म्हणाली असती तर मला एवढं लागलं नसतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. मी ताट ठेवलं, स्वेटर घातला, डोक्यावरून पदर घेतला आणि खाली उतरले. आमच्याकडे उन्हाचा तडाखा होता, तिकडे गार वारा सुटलेला. त्यांच्या इमारतीच्या मागे एक टेकडी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्यावर एका देवळाचं वळलेलं छप्पर दिसतं. कुणाचा देव आहे ते माहीत नव्हतं. पण कुठल्या तरी देवापुढे डोकं टेकवून रडावं, एवढंच मनात होतं. आपली देवी मागे राहिली असेल तर इथल्या देवाला तरी सांगावं, बाबा, माझी लेक तुझ्या शिवेत आहे, तू बघ.

देवळाच्या दारात मोठमोठे डोळे वटारलेले राखणदार उभे होते. त्यांना नमस्कार करून मी आत गेले. अंगण झाडून लख्ख केलेलं, माणूस कुणी नाही. कोणत्या इमारतीत देव आहे ते कळेना. एका बाजूच्या खोलीबाहेर दगडावर एक चपलांचा जोड दिसला. चपला काढल्या आहेत म्हणजे गाभारा इथेच, असं मी धरलं आणि माझ्याही चपला काढून आत शिरले.

आत देव नव्हता. माझ्याच वयाची एक बाई बसकं मेज पुढे घेऊन जमिनीवर बसली होती. राखाडी रंगाचे सैल कपडे, केसांचा बारीक अंबाडा. मेजावर मातीची लहान लहान भांडी मांडलेली होती आणि पांढरं फडकं. मला बघून ती चकित झाली, पण लगेच वाकून नमस्कार केला आणि समोरची चटई दाखवली. मला वाटलं, पूजा व्हायची आहे. मी मांडी घालून, हात जोडून बसले.

तिने किटलीतलं गरम पाणी एका भांड्यात ओतलं, त्यातून दुसऱ्यात, त्यातून लहान वाट्यांमध्ये, आणि मग ते सगळं पाणी एका मोठ्या वाडग्यात टाकून दिलं. मला तो अभिषेकच वाटला. तिची घाई नव्हती. आमच्याकडे बाई चूल पेटवते, चहा ठेवते, तेवढ्यात कोंबडी हाकलते, कणीक मळते. हिचे हात एका वेळी एकच काम करत होते. किटलीतून पाणी पडायचा आवाज तेवढा येत होता. तिने चोचीच्या भांड्यात पाणी निवत ठेवलं. झाकणाच्या लहान भांड्यात वाळलेली पानं घातली, ते पाणी वरून ओतलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मीही बसून राहिले. मला कितीतरी दिवसांत कुणी नुसतं बसू दिलं नव्हतं. मीच मला बसू दिलं नव्हतं.

मग तिने ते पाणी वाट्यांमध्ये ओतलं. एकीत थोडं, दुसरीत थोडं, परत पहिलीत, परत दुसरीत, म्हणजे एकीत पातळ आणि एकीत दाट असं होऊ नये. घरी माझा चहा सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे राहील तो असतो. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पण तिची ती रीत मी बघतच राहिले.

तिने वाटी माझ्यापुढे धरली आणि मी, आपण देवळात करतो तसा, उजव्या हाताचा द्रोण करून तीर्थासाठी पुढे केला. ती थबकली. माझ्या तळव्याकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. ती हसली नाही. वाटी अलगद माझ्या तळव्यावर ठेवली, आणि माझा डावा हात उचलून वाटीच्या खाली लावला. मी डोळे मिटून घोट घेतला. साखर नाही, दूध नाही, कोवळ्या गवतासारखी कडसर चव. वाटलं, तीर्थात तुळस जरा जास्त झाली. वाटी खाली ठेवून, तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा हात मी केसांवरून फिरवला.

तिने त्याच पानांवर पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा वाटी भरली. या वेळी जिभेवर मागाहून गोड लागलं. मी भांड्याकडे बोट करून हे काय म्हणून खुणेने विचारलं.

"चा," ती म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गावात चहाला चाच म्हणतात. एवढ्या लांबच्या मुलखात, ओळख ना पाळख, आणि ही बाई माझ्या घरातल्यासारखं चा म्हणते. मला वाटलं, हिला मराठी येतं. मग काय झालं कुणास ठाऊक, माझं तोंड उघडलं ते मिटेना. मी तिला सगळं सांगितलं. लेकीचं, नातीचं, नळ्यांचं, मला आत सोडत नाहीत ते. जाऊबाई काय म्हणाल्या ते. लेकीने मला जा म्हटलं ते. बोलता बोलता रडू लागले. आपल्याकडे कुणी रडलं की लगेच रडू नको म्हणतात. तिने तसं काही केलं नाही. मी थांबले की ती मान हलवायची, वाटी भरायची आणि हलकेच म्हणायची, "ने. ने."

पहिल्यांदा मी लक्ष दिलं नाही. मग कान टवकारले. ने, म्हणत होती. घेऊन जा. मी छातीवर हात ठेवून, मग बाळ निजवल्यासारखे हात हलवून, खाली इमारतीकडे बोट केलं आणि विचारलं, "हे माझ्या लेकीला नेऊ का?"

"ने," ती म्हणाली. तिने चिमूटभर पानं कागदात बांधून माझ्या हातावर ठेवली.

मी झाकणाच्या भांड्याकडे आणि वाटीकडे बोट केलं. "हे पण?"

"ने, ने."

तेवढ्यात बाहेर कुणाची तरी चाहूल लागली आणि ती उठून दाराकडे गेली. मी भांडं आणि वाटी पदरात गुंडाळली, जमिनीला डोकं टेकवलं, आणि ती बाहेरच्या लोकांशी बोलत होती तिथून खाली मान घालून निघाले. टेकडी उतरताना मला एकच कळत होतं, की देवीला पासपोर्ट लागत नाही. ती माझ्या आधी येऊन बसली होती, राखाडी कपडे घालून.

घरी मनू तशीच निजलेली होती. मी काही बोलले नाही. विजेच्या किटलीत पाणी तापवलं, खोलीतच पलंगाजवळ खाली बसले आणि आठवेल तसं केलं. गरम पाण्याने भांडी विसळून पाणी टाकून दिलं. स्टीलच्या वाटीत पाणी निवत ठेवलं. पानं घातली, पाणी ओतलं आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बोलायची सवय जिभेवर येत होती, पण गिळून टाकली. मग एक वाटी आणि एक स्टीलचा पेला, दोन्हींत थोडं थोडं करून ओतलं.

माझा आवाज येईना म्हणून असेल, मनूने मान वळवली. "आई, काय करून राह्यलीस?"

मी वाटी पुढे केली. ती उठून बसली. मी तिचे दोन्ही हात वाटीला लावले. तिने एक घोट घेतला, दुसरा घेतला. बराच वेळ वाटी धरून बसली. मी तिच्याकडे बघतही नव्हते. पुन्हा वाटी पुढे केली तेव्हा मी भरली.

"ह्ये कुठून आणलं?" तिने भांडं निरखत विचारलं.

"वरल्या देवळातून. एक बाई हाय तिथं, मराठी बोलती."

"मराठी?"

"मंग. चा म्हणली बराबर. आन् मी इचारलं लेकीला नेऊ का, तर ने म्हणली. भांड्याचं इचारलं, तर बिलकुल, ने ने म्हणली."

मनू माझ्याकडे बघत राहिली. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "आई, चहाला इथं पण चाच म्हणत्यात."

"मंग तेच तर सांगून राह्यले."

"आन् ने म्हणजे हो."

"काय हो?"

"ने म्हणजे हो गं, माझे माय. त्यांच्या भाषेत हो. बोलताना हूं हूं करतो ना आपण, तसं त्या ने ने करत्यात. ती बाई तुला ऐकून राह्यल्ती. तू तिचं भांडं चोरून आणलं."

मी हातातलं झाकण तसंच धरून बसले. मला वाटतं माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार, कारण मनू हसायला लागली. पोटावर हात दाबून हसली. "टाके दुखून राह्यले, आई, असं नको बघू," म्हणाली आणि आणखी हसली. तिच्या हसण्याने मलाही हसू फुटलं, झाकण निसटून फरशीवर पडलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. तुकड्यांकडे बघता बघता मनूचं हसू थांबलं. मग ती रडू लागली. इतक्या दिवसांचं सगळं आलं. मी खाली बसले होते, ती पलंगावरून उतरून माझ्या मांडीवर येऊन पडली. मी बोलले नाही. डोक्यावर हात ठेवला आणि तिला रडू दिलं, जसं मला कुणी रडू दिलं होतं.

रडून झाल्यावर तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आता तर जावंच लागंल. चल, हे द्यायला."

तिने केस विंचरले, कपडे बदलले. जावयांना फोन करून लवकर बोलावलं. ते घाबरून आले, तर बायको चपला घालून दारात उभी. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली, कारण माझ्या पदरात चोरीचा माल होता.

गाडी देवळापर्यंत जाते. ती बाई पायऱ्यांपाशीच उभी होती. मनूने कमरेत वाकून माफी मागितली आणि सगळं सांगितलं. मनूला तिकडची भाषा बऱ्यापैकी येते. मी तुटलेलं झाकण दोन्ही हातांवर धरून उभी होते. बाईने झाकणाकडे बघितलंही नाही. ती पुढे आली, माझे हात धरले आणि मनूला काहीतरी विचारू लागली. मनूने मला सांगितलं, "तुझी काळजी करून राह्यल्या होत्या. म्हणत्या, परक्या देशातली बाई, रडत उतरली, रस्ता चुकली तर. दोनदा खाली जाऊन बघून आल्या."

मनूकडून कळलं की ती चहा पाजायची तिथली जुनी रीत आहे. लांबून आलेले प्रवासी आधी सांगून, मुद्दाम ती बघायला आणि तसा चहा प्यायला येतात. त्या दिवशीही काही प्रवासी यायचे होते, त्यांच्यासाठी मांडामांड केलेली होती आणि मी त्यांच्या आधी जाऊन बसले. मी मनूला म्हटलं, तिला विचार, मी काय बोलत होते ते तिला काही तरी कळलं का. बाईने थोडा विचार केला. मनूने तिचं बोलणं मला सांगितलं ते असं. तिला एक शब्दही कळला नव्हता. पण एवढी रडणारी बाई जे काही मागत असेल त्याला हो म्हणावं, असं तिला वाटलं.

ते ऐकून मी पायरीवर बसले. मी इतकी वर्षं देवीला हाका मारत आले, आणि प्रत्येक वेळी तिला नीट समजावून सांगत आले. काय पाहिजे, कसं पाहिजे, कधी पाहिजे. जणू मी नीट सांगितलं नाही तर तिला कळणार नाही. ओटी कुठे भरली, शीव कुठे ओलांडली, याचा हिशेब मीच ठेवत होते. तिला तो लागत नव्हता. तिने केव्हाच हो म्हटलेलं होतं, माझी बडबड संपायची वाट बघत होती.

झाकणाचा विषय काढला तर बाई ऐकेना. मी मनूला म्हटलं, सांग तिला, पैसे घेतले नाहीत तर मी चोरच राहीन. मनूने ते सांगितल्यावर बाई गंभीर झाली. आम्ही परत दिलेली वाटी आत ठेवून तिने भांडं मात्र फडक्यात बांधून आणलं. झाकणाविना ते तिच्या कामाचं नव्हतं, म्हणून ते आम्हीच ठेवावं आणि ज्या कुंभाराने ते घडवलं त्याच्या हातच्या नव्या भांड्याची किंमत द्यावी, असं तिने सांगितलं. किंमत ऐकून जावई खिशात हात घालू लागले. दवाखान्याचा खर्च चालूच होता, मला माहीत होतं. मी म्हणाले, "जावईबापू, राहू द्या. नेलं मी, देणार मी. थोडे थोडे देईन." बाई म्हणाली, सवडीने द्या. चहाचे काय द्यायचे म्हणून विचारलं तर तिने नुसती मान हलवली. त्याचं काही घेतलं नाही.

गाडीत बसल्यावर मनू जावयांना म्हणाली, "दवाखान्याकडून घ्या." जावयांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी वळवली.

मी बाहेर बाकावर बसले. ते दोघं आत गेले. भिंतीवर काय काय लिहिलेलं होतं, मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मी देवीला काही मागितलं नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिले. बराच वेळ गेला असेल, मला तो लांब वाटला नाही. मनू बाहेर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत धुतलेले होते, ओले होते. ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आई, तिनं माझं बोट धरलं. सोडीना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "भूक लागली."

त्या संध्याकाळी तिने डिंकाचे दोन लाडू खाल्ले. मी एकदाही खा म्हणाले नाही.

पुढे सगळं एकदम सरळ झालं असं नाही. बाळाला एकदा ताप आला, मनू पुन्हा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून निजली. पण तिसऱ्या दिवशी उठून गेली. नर्सने बाळाला तिच्या छातीवर ठेवायला सुरुवात केली. दूध वाढलं. दर आठवड्याला मी त्या बाईंकडे जायची. आम्ही समोरासमोर बसायचो, ती ओतायची, मी प्यायची. मी मराठी बोलायची, ती तिचं बोलायची, आणि दोघी एकमेकींना ने ने म्हणायचो. मी मात्र आता मनात दोन्ही अर्थ धरायची. घेऊन जा, आणि हो. एक दिवस नात घरी आली. जावयांनी माझ्या मांडीवर दिली तेव्हा मी तिला पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं. हलकी होती, ऊबदार होती, आणि जांभई देत होती.

मी गावी परत आले. जाऊबाईंनी विचारलं, "आल्ती का गं देवी तिकडं?" मी म्हणाले, "आल्ती, बाई. चा पाजला तिनं." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी खुलासा केला नाही.

भांड्याचे पैसे मी गोधड्या शिवून फेडले. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या दुकानांतून उरलेले तुकडे आणायचे, दुपारी ओट्यावर बसून टाके घालायचे. पूर्वी टाके घालताना माझं मनात काहीतरी मागणं चालू असायचं. आता नुसती शिवते. गोधडी विकली की पैसे मनूच्या खात्यावर टाकायचे, ती ते बाईंना नेऊन द्यायची. बाईंनी कधी घाई केली नाही, आणि नको असंही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

परवा मनूचा फोन आला. शेवटचे पैसे द्यायला ती मुलीला कडेवर घेऊन देवळात गेली होती. बाईंनी ते दोन्ही हातांनी घेतले आणि कुंभाराचं सगळं देणं संपलं म्हणून सांगितलं. मी बागेत गेले. मालक मोसंबीला पाणी देत होते. मी फोनचं सांगितलं.

"फिटले का सगळे?" त्यांनी विचारलं.

"फिटले," मी म्हणाले.